नियम मागा, खुर्ची नको

ट्रम्प का जिंकला, हे भाईंदर स्टेशनपासून नवघर रोडपर्यंत कुणालाही विचारा. दहा कारणं सांगतील. आपला रिपब्लिकन पक्ष आज किती तुकड्यांत आहे, हे विचारलं की तोच माणूस पान थुंकायला बाजूला जातो.

नाव तेच, म्हणून जास्त झोंबतं. त्यांचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा. गुलामगिरीच्या विरोधातून जन्मलेला. आज तो कुणाच्या मांडीवर जाऊन बसलाय ते सोडा, पण पक्ष एक आहे. आपला ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झाला, बाबासाहेब गेल्यावर दहा महिन्यांच्या आत. आणि दोन वर्षांत फुटला. बी. सी. कांबळ्यांचा 'दुरुस्त', दादासाहेब गायकवाडांचा 'नादुरुस्त'. बंद पडलेल्या मोटारीबद्दल बोलावं तसं लोक पक्षाबद्दल बोलायला लागले. मग खोब्रागडे, मग गवई, मग पुढचे सगळे. आता पक्षाच्या नावापुढे कंस असतो आणि कंसात साहेबांचं आडनाव.

पण दोस्तांनो, एक गोष्ट खरी बोलली पाहिजे. पहिली फूट आडनावाची नव्हती. भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरायचं, की शिकलेल्यांनी घटनेच्या वाटेनं जायचं, असा तो झगडा होता. भांडायला लायक प्रश्न! दादासाहेबांनी ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, तेव्हा देशभर लाखो माणसं तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. त्या फुटीत निदान जमीन होती. नंतरच्या फुटीत फक्त तिकीट आहे. १९६७ ला काँग्रेसशी समझोता झाला, आणि तिथून आपल्या पुढाऱ्याला कळलं की गट लहान असला तरी चालतो, गटाला भाव मिळाला पाहिजे. पक्ष एक असेल तर विकणारा एक. गट पाच असतील तर पाच जण विकू शकतात. हा साधा बाजार आहे, ह्यात गूढ काही नाही.

फाटाफूट गोऱ्यांनाही चुकलेली नाही. १८६० ला डेमोक्रॅट पक्ष गुलामीच्या प्रश्नावर उत्तर-दक्षिण फुटला, आणि लिंकन जेमतेम चाळीस टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाला. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकला आणि तिथंच राल्फ नाडर नावाच्या तिसऱ्या माणसानं ९७ हजारांवर मतं घेतली. झालं! नाडरनं घात केला म्हणून लोक आजवर बोंबलतात.

ही बोंब आपल्या ओळखीची आहे. २०१९ ला वंचितनं महाराष्ट्रात सुमारे ४१ लाख मतं घेतली. नांदेडात अशोक चव्हाण चाळीसेक हजारांनी पडले, वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाच्या वर मतं होती. लगेच आपण 'बी टीम' ठरलो. आता गंमत ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते अशोक चव्हाण स्वतःच भाजपात गेले. ज्यांच्यासाठी आम्ही मत द्यायला हवं होतं म्हणून आम्हाला शिव्या घातल्या, ते मत शेवटी कुठं पोचलं असतं? ह्याचा जाब एकाही पुरोगामी संपादकानं मागितला नाही. आमचं मत म्हणजे ह्यांच्या बापाची ठेव, दुसरीकडे ठेवलं तर चोरी!

म्हणून वंचितचं सगळं बरोबर, असंही नाही. २०२४ ला बाळासाहेब आंबेडकर अकोल्यात तिसरे राहिले. संविधान बदलणार ह्या भीतीनं आपल्या वस्त्यांनी आघाडीकडे मतं वळवली, ४८ पैकी ३० जागा आघाडीला मिळाल्या. वस्तीनं नेत्याला न विचारता निर्णय घेतला. मला त्यात दुःख वाटत नाही, उलट उमेद वाटते. लोक नेत्याच्या पुढं गेले. पण आघाडीनं त्या मतांच्या बदल्यात काय लिहून दिलं होतं? काही नाही. सहा महिन्यांत विधानसभा आली, महायुतीचे २३० निवडून आले, आणि आपलं मत कुठं होतं हे विचारायलाही कुणी आलं नाही. महायुतीत तरी वेगळं काय? २०११ पासून आठवलेसाहेब तिकडे आहेत, २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि २०२४ च्या लोकसभेला त्यांच्या पक्षाला महाराष्ट्रात एकसुद्धा जागा सुटली नाही. मंत्रिपद एकाला, पक्षाला शून्य.

एकदाच जमलं होतं. १९९८. अकोल्यात प्रकाश आंबेडकर, अमरावतीत रा. सू. गवई, चिमूरला जोगेंद्र कवाडे, मुंबईत रामदास आठवले. चौघेही खुल्या मतदारसंघातून, चौघेही खासदार! आमच्या वस्तीतले म्हातारे अजून त्या निकालाची गोष्ट सांगतात, डोळ्यात पाणी आणून सांगतात. वर्षभरात सरकार पडलं, त्याच्याआधीच एकी पडली. १९९९ ला चारातले दोनच परत गेले, तेही वेगवेगळ्या दारानं. एकी जागावाटपासाठी केली होती, जागा वाटून झाल्यावर तिचं काम संपलं.

उमेदवाराच्या मोहिनीबद्दल बोलायचं तर ट्रम्पकडून शिकावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा अब्जाधीश मॅकडोनाल्डमध्ये एप्रन बांधून बटाटे तळायला उभा राहिला, आणि दहा दिवसांनी अंगात नारिंगी जाकीट घालून कचऱ्याच्या गाडीत बसला. तसलं जाकीट मी रोज पाळीला घालतो. मुकादमसुद्धा मला नावानं हाक मारत नाही. पण अब्जाधीशानं घातलं की ते 'कामगारांचा माणूस' होतो. आपल्याकडे हेच चौदा एप्रिलला निळ्या उपरण्यात होतं. आणि आपलं पोरगं लगेच सेल्फी काढतं. चेहरा, घराणं, शेरोशायरी, गाडीवरचं अशोकचक्र. उमेदवारानं गेल्या पाच वर्षांत काय केलं, हे विचारायला वेळ कुणाला?

ब्लॅक पँथरचं नाव आपण १९७२ ला घेतलं, पण त्यांचं पुढचं वाचलं नाही. त्यांचा बॉबी सील १९७३ ला ऑकलंडच्या महापौरपदाला उभा राहिला, दुसऱ्या फेरीपर्यंत गेला, मग हरला. आपल्या पँथरनी जानेवारी १९७४ च्या मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. वरळी पेटली, भागवत जाधव मोर्चात मारला गेला, काँग्रेस आपटली. बहिष्कारानं हादरा दिला, मी तो हादरा कमी लेखत नाही. पण त्याच वर्षी ढसाळ-ढाले वेगळे झाले आणि हादऱ्याचं व्याज दुसऱ्यांनी खाल्लं.

मला मोठा वाटतो तो जेसी जॅक्सन. काळा पाद्री, मार्टिन ल्यूथर किंगबरोबर काम केलेला. १९८४ ला आणि पुन्हा १९८८ ला डेमोक्रॅट पक्षात उमेदवारीसाठी लढला. दुसऱ्या खेपेला सुमारे ७० लाख मतं घेतली आणि दुसरा आला. उपाध्यक्षपदासाठी नाव चर्चेत होतं, मिळालं नाही. आपला पुढारी असता तर रात्रीत कंसवाला पक्ष काढला असता. जॅक्सननं नियम मागितला. उमेदवार निवडताना ज्याला जितकी मतं त्याला तितके प्रतिनिधी, हरलेल्याची मतं वाया जाणार नाहीत, हा नियम त्यानं पक्षाकडून पिळून घेतला. २००८ ला ओबामा हिलरीपुढे टिकला त्यात ह्या नियमाचा मोठा हात होता. खुर्ची एकाची असते, त्याच्याबरोबर जाते. नियम वीस वर्षांनी कुठल्या पोराच्या कामी येईल सांगता येत नाही. (आणि नियम सोडला की काय होतं तेही बघा. २१ जुलै २०२४ ला बायडन बाजूला झाला, हॅरिसबाईंना सदस्यांच्या मतदानाशिवाय उमेदवारी मिळाली. २२६ विरुद्ध ३१२.)

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. १ ऑक्टोबर २०२४ ला, मतदानाला पाच आठवडे असताना, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी संप केला. मेनपासून टेक्सासपर्यंत छत्तीस बंदरं बंद. बायडन सरकारनं संप मोडायचा कायदा वापरला नाही, कारण निवडणूक डोक्यावर होती. तीन दिवसांत सहा वर्षांसाठी ६२ टक्के पगारवाढ कबूल झाली. निवडणूक ट्रम्प जिंकला, तर डिसेंबरात त्याच युनियनच्या अध्यक्षानं ट्रम्पकडून यंत्रांच्या विरोधात कामगारांच्या बाजूचं विधान काढून घेतलं. दोन्ही पक्षांना वाकवलं, एकाच्याही दारात झोपले नाहीत. कारण युनियनला सदस्य आहेत, वर्गणी आहे, आणि पगाराच्या करारावर सदस्यांचं मतदान होतं. इथं गोदीत आम्ही कंत्राटी. आमच्या टोळीला युनियनच्या रजिस्टरात ओळसुद्धा नाही, मग आम्हाला घाबरणार कोण?

आता आपलं मीरा-भाईंदर बघा. २०१९ ला भाजपच्याच माजी महापौर गीता जैन अपक्ष उभ्या राहून भाजपच्या नरेंद्र मेहतांना पाडून आमदार झाल्या. २०२४ ला मेहता परत आले. फूट त्यांच्या घरात, आमदारकी त्यांच्याच घरात. ते भांडतात तेव्हाही सत्ता शेजारी जात नाही. आणि आपल्या वस्तीतल्या शाखा? एकाच गल्लीत दोन निळे फलक, दोन्हीवर अध्यक्ष आजन्म. कुणी निवडला? साहेबांनी. साहेबांना कुणी निवडलं? चूप!

तेव्हा ह्यापुढे जो कुणी निळं उपरणं घालून मत मागायला येईल, मग तो कुठल्याही कंसातला असो, त्याला आधी तीन गोष्टी विचारायच्या. ह्या वॉर्डात तुझे वर्गणी भरलेले सदस्य किती? तुमच्या पक्षात शेवटचं मतदान कधी झालं? आणि युती करताना समोरच्याकडून काय लिहून घेतलंस, तो कागद कुठाय? रजिस्टर असेल तर घेऊन ये, आपण वस्तीत बसून वाचू. नसेल तर चहा पी आणि पुढची विरार पकड.