क्लॉक बदलला, हिशोब कोण बदलणार?

"क्लॉक कमी केलाय, आता टेन्शन नाही." एम्बेडेडमधल्या ज्येष्ठ मंडळींच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच सटकतं. रॅम म्हणजे काय स्कूटर आहे, की चाळीसच्या आत चालवली म्हणजे पडणार नाही?

किस्सा असा. आमच्या बोर्डावर एएम३३५एक्स प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम, म्हणजे बीगलबोन ब्लॅकचं चुलत भावंडच. यू-बूटमधले आकडेही तिथूनच उचललेले (सगळेच उचलतात, त्यात गैर काही नाही). २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, पीएलएलने त्याला २४ ने भागायचं, ४०० ने गुणायचं, झाला ४०० मेगाहर्ट्झचा मेमरी क्लॉक. दोन-तीन बोर्डांनी कुरकुर केली, तेव्हा एका सीनियरने 'सेफ्टी' म्हणून ४०० च्या जागी ३०३ लिहिलं. एवढा एकच आकडा. बोर्ड बूट झाला, रात्रभर मेमरी टेस्ट पास झाली, माल गेला.

मग मे महिना आला. उन्हात, पत्र्याच्या डब्यात बसवलेली यंत्रं दुपारी दोन-तीनला मरायला लागली. कधी कर्नल पॅनिक, कधी फाइल सिस्टिम खराब. संध्याकाळी पुन्हा शहाण्यासारखी चालू! आणि दोष कुणाचा? ड्रायव्हर लिहिणाऱ्या पोरीचा. का, तर एका पॅनिकच्या लॉगमध्ये तिच्या फंक्शनचं नाव दिसलं. तीन आठवडे ती बिचारी नसलेला बग शोधत होती.

आता जरा हिशोब करू. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळकं भांडं. ६४ मिलिसेकंदांत ८१९२ रिफ्रेश द्यावे लागतात, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक. पण कंट्रोलरला मायक्रोसेकंद कळत नाहीत, त्याला क्लॉकच्या सायकली मोजता येतात. ४०० मेगाहर्ट्झला ७.८ मायक्रोसेकंद म्हणजे ३१२० सायकली, आणि रजिस्टरमध्ये तोच आकडा होता. क्लॉक ३०३ झाला, ३१२० तसाच राहिला. म्हणजे रिफ्रेश दर १०.३ मायक्रोसेकंदांना, आणि पूर्ण फेरी ६४ ऐवजी ८४ मिलिसेकंदांची. त्यात चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की गळती इतकी वाढते की रिफ्रेश दुप्पट वेळा द्यावा लागतो, फेरी ३२ मिलिसेकंदांत संपवावी लागते. आमची चालली होती ८४ मध्ये.

गंमत बघा. क्लॉक वाढवला तर रिफ्रेश आपोआप लवकर होतो, पण बाकीची टायमिंग बोंबलतात. समजा रो उघडल्यावर १३.७५ नॅनोसेकंद थांबायचं आहे. ३०३ ला ५ सायकली पुरतात, ४०० ला ६ लागतात. तिथे ५ च ठेवल्या तर १२.५ नॅनोसेकंदच मिळतात. क्लॉक कमी केला तर उलट. ही 'किमान इतकं थांबा'वाली टायमिंग आरामात बसतात, पण 'कमाल इतकाच उशीर चालेल' म्हणणारा रिफ्रेश मोडतो. आणि हळू चालवायलाही मर्यादा आहेच. डीडीआर३ ची डीएलएल ३०० मेगाहर्ट्झच्या खाली धड चालायचं वचन देत नाही, म्हणून तर लोक ३०३ वर थांबतात. तेव्हा 'कमी म्हणजे सेफ' ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, चिपमध्ये मार्जिन असतंच की!" असतं ना. एसीतल्या टेबलावर बहुतेक बिट ६४ मिलिसेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरतात. म्हणूनच तर हा घोळ तुमच्या टेबलावर दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या दारात दिसतो. रात्रभरच्या टेस्टचंही कौतुक सांगू नका. रो वाचली की ती रिफ्रेश होते. लिहा-वाचा-लिहा-वाचा करत सुटलेली टेस्ट स्वतःच रॅमला जिवंत ठेवते! लिहायचं, बोर्ड ओव्हनमध्ये तापत ठेवायचा, काही मिनिटं हात लावायचा नाही आणि मग वाचायचं. हे कोण करतं? कोणी नाही. शेड्यूलमध्ये ओव्हनला जागा नसते.

दुसरं उत्तर, "हल्ली टूलच सगळं काढून देतं." देतं की. पण त्यात फ्रीक्वेन्सी आणि चिपची माहिती कोण भरतं? आणि नंतर पीएलएलचा आकडा हाताने बदलला, तर टूलला काय स्वप्न पडणार आहे?

माझं म्हणणं एवढंच, की नॅनोसेकंदांतले आकडे कोडमध्ये नॅनोसेकंदांतच लिहा आणि सायकली क्लॉकवरून काढा. चार ओळींचा मॅक्रो आहे हो. पण नाही, आमच्याकडे ०एक्ससी३० असं लिहून ठेवायचं आणि त्याला हातही लावायचा नाही, जणू देव्हाऱ्यातली मूर्ती.

शेवटी आम्ही ३१२० च्या जागी २३६३ टाकलं, आणि यंत्र उन्हातच राहायचं म्हणून ते निम्मं करून ११८१. दुपारचे मृत्यू थांबले. त्या पोरीच्या अप्रेझलमधलं 'कोड क्वालिटीकडे लक्ष देणे आवश्यक' हे वाक्य मात्र तसंच राहिलं. फॉर्म आधीच सबमिट झाला होता म्हणे.