ब्रेकर्सच्या पराभवाचा हिशेब

संघ हरू लागला की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, स्टार खेळाडूला बाकावर का बसवलं? दुसरा म्हणतो, प्रशिक्षकालाच घरी पाठवा. ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या मराठी घरांत क्रिकेटचं प्रेम मोठं असलं, तरी न्यूझीलंड ब्रेकर्स हा ऑकलंडचाच बास्केटबॉल संघ आहे. ऑस्ट्रेलियन लीगमधला न्यूझीलंडचा एकमेव संघ आणि चार वेळा विजेता.

२०१९-२० च्या मोसमात अमेरिकेचा १८ वर्षांचा आर. जे. हॅम्प्टन मोठा गाजावाजा होऊन ब्रेकर्सकडे आला. प्रशिक्षक डॅन शामीर यांनी त्याला सामन्यामागे साधारण २० मिनिटंच दिली. तिकडे याच लीगमधल्या इलावारा हॉक्सने सगळा खेळ हॅम्प्टनसारख्याच तरुण अमेरिकन लामेलो बॉलच्या हाती सोपवला. बॉलने सामन्यामागे १७ गुण केले आणि १२ सामन्यांनंतर तो जायबंदी झाला. चाहते याच तुलनेवर बोट ठेवायचे.

पण गुणतक्ता पाहा. २८ सामन्यांत हॉक्सचे ५ विजय, ब्रेकर्सचे १५. शामीर यांचा हात आखडता होता, चुकीचा नव्हता.

२०२१-२२ मध्ये ब्रेकर्सही ५ विजयांसह तळाला गेले. शामीर गेले, सहायक मोदी माओर मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच मोसमात संघाने अंतिम फेरी गाठली. तिथे सिडनी किंग्जने त्यांना ३-२ असं हरवलं. हे सगळं श्रेय प्रशिक्षक बदलण्याला देणं शामीर यांच्यावर अन्याय करणारं आहे. २०२१-२२ मध्ये कोविडमुळे सीमा बंद होत्या, संघाला बहुतेक मोसम ऑस्ट्रेलियातच काढावा लागला. घरच्या प्रेक्षकांविना खेळलेल्या त्या महिन्यांचा जाब एकट्या प्रशिक्षकाला कसा विचारणार?