ऑपरेशन बाईचंच का?

पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या धानाच्या गावात दुसरं लेकरू झालं की पुढचं जणू ठरलेलंच असतं: बाईचं ऑपरेशन. नवऱ्याचं का नको? तर म्हणे, पुरुषाची ताकद जाते, मग शेतीची जड कामं कोण करणार?

हे साफ खोटं आहे. पुरुष नसबंदीत शुक्रजंतू नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. पुरुषी संप्रेरक त्या नळ्यांतून जातच नाही. ते थेट रक्तात मिसळतं. म्हणून ताकद, दाढीमिशा, कामेच्छा, सगळं होतं तसंच राहतं. बिनटाक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. बाईच्या मात्र पोटात शिरावं लागतं. ताकदीचीच काळजी असती तर दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारीचा विचार आधी झाला असता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी सुमारे ४९ टक्के आहे. पुरुषांची अर्धा टक्काही नाही. आणि ही स्थिती र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढल्यावर शंभर वर्षांनी!

आणीबाणीत पुरुषांवर झालेल्या नसबंदीच्या सक्तीची भीती रास्त आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. पण जुलूम सत्तेने केला. त्याची भरपाई बायकांनी का करावी?

ऑपरेशनच्या आधीच्या वर्षांत तात्पुरती साधनं वापरतानाही भीतीच आडवी येते. तांबी म्हणे वर छातीत चढते, अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने पाळीचं रक्त आत साचतं. अंतरामुळे गर्भाशयाचं अस्तर फारसं वाढतच नाही, मग साचणार काय? तांबी गर्भाशयात बसते. क्वचित निसटते किंवा सरकते, म्हणून तपासणी चुकवू नये. सुरुवातीला पाळीत जास्त रक्त जातं, पोट दुखतं, हे बसवण्याआधीच सांगायला हवं. लपवलं तर पहिल्याच त्रासाला बाई ती काढून घेते आणि शेजारणीलाही घाबरवते. तांबीचा एक प्रकार दहा वर्षं चालतो. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तिच्यात संप्रेरक नाही.

आशाताई हे सगळं बाईला सांगते आणि नवरा तोवर बाहेर उभा असतो. त्याच्याशी आरोग्यसेवकाने बोलावं. नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घेतल्यावरच तो सोडायचा, हेही त्यालाच समजावून सांगावं.