गहाण पडलेला मुलूख

2025 च्या सप्टेंबरात सीना नदी शिवारात घुसली आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात अडकलेली माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सोयाबीन गेलंच, कुठं कुठं मातीही खरवडून गेली. अशा साली दिवाळी अंक काढावा का, यावर आमच्यात बरीच हुज्जत झाली. अंक काढला, फराळाची पानं तेवढी कमी ठेवली आहेत.

पीक गेलं की आपल्याकडं घरोघर तोच हिशेब मांडला जातो: ऊसतोडीला जायचं, पुणं गाठायचं, की पोराला भरतीला उभं करायचं? पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं या जिल्ह्यात कुठंही दिसतील. देशप्रेम त्यांच्यात आहेच, पण दम लागेपर्यंत पळवतो तो कोरडवाहू सातबारा.

लष्कराच्या पैशाशी आपलं नातं जुनं आहे, फक्त तेव्हा पैसा उलट्या दिशेनं वाहत होता. इंग्रजांच्या हुकमातल्या हैदराबाद काँटिन्जंट या फौजेचा खर्च निजामाकडं थकला, म्हणून 1853 च्या तहात वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली झाला. ठगांवरच्या कादंबरीमुळं गाजलेला मेडोज टेलर नळदुर्गला कारभारी म्हणून आला तो याच व्यवहारात. त्याचं कौतुक आपण अजून करतो, करायलाही हरकत नाही. पण 1860 मध्ये मुलूख परत मिळेपर्यंत इथल्या कुणब्यानं भरलेला सारा दुसऱ्याच्या फौजेच्या पगारात जात होता, हेही ध्यानात असू द्यावं.

त्याच फौजेच्या छावण्या शेजारी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, आणि हिंगोलीला होत्या. छावणी म्हटली की शिपायांमागं नालबंद, शिंपी, धोबी, भिस्ती, चाऱ्याचे ठेकेदार असा सगळा बाजार आला. 1903 मध्ये काँटिन्जंट हिंदुस्थानी सैन्यात मिसळली आणि छावण्या उठल्या. शिपायाला नवी पलटण मिळाली. नालबंदाला कोण पलटण देणार?

अमेरिकेत या नालबंदासाठी 1961 पासून सरकारी कचेरी आहे. लष्करी तळ बंद झाला किंवा संरक्षण कारखान्याचं काम आटलं, तर त्या गावाला पुढची घडी बसवायला ती पैसा आणि सल्ला देते. त्या देशाचं युद्धखोर राजकारण आम्हाला मान्य नाही, पण ही कचेरी मान्य आहे. आपल्याकडं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकाकडं आणि वीरपत्नीकडं पाहतं. त्या सैनिकाच्या पैशावर चालणाऱ्या गावाकडं पाहणारं कुणी नाही.

हे आता सांगायचं कारण, अग्निवीर. जानेवारी 2023 मध्ये लष्कराच्या प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 अखेर भरतील. शंभरातले फार तर पंचवीस सैन्यात राहतील. बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतील, पेन्शनशिवाय. आजवर गावात एक निवृत्त हवालदार असला की किराणा दुकानदार निर्धास्त उधारी द्यायचा. पेन्शन ही दुष्काळातही न आटणारी विहीर होती. एकरकमी रक्कम एका बोअरमध्ये आणि बहिणीच्या लग्नात संपते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इतर दलांत राखीव जागा ठेवल्या आहेत, ठीक. त्यानं ज्याला जागा मिळेल त्याचं भागेल. पण पंचविशीतली, शिस्तीची, यंत्रं हाताळलेली पोरं तालुक्यात परततील तेव्हा त्यांना कर्ज कोणती बँक देणार, त्यांच्या कौशल्याचा दाखला एमआयडीसीतला कारखानदार मानणार का, याचा आराखडा जिल्हा नियोजन समितीनं आजच करायला हवा.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. निधी द्याच. आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, गावातली किती पोरं अग्निवीर आहेत आणि कोण कधी परतणार. यादी झाली की आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात गाववार आकडे छापू.