एसआर-२०चा मोह आणि रोजची गाडी

निसानची २४०एसएक्स अमेरिकेत १९८९ ते १९९८ या काळात विकली गेली. अंगाने ती जपानच्या सिल्व्हियाची सख्खी बहीण, पण पोटात २.४ लिटरचे केए-२४ इंजिन. त्याच घराण्याची इंजिने निसानच्या पिकअप ट्रकमध्ये ओझी वाहत होती. ताकद १४० अश्वशक्ती, पुढे १५५. जपानी गिऱ्हाइकाला मात्र त्याच बांध्याच्या गाडीत १९९१पासून एसआर-२० डीईटी हे दोन लिटरचे टर्बो इंजिन मिळत होते, सुमारे २०० अश्वशक्तीचे. अमेरिकेतल्या हौशी पोरांना हा पंक्तिप्रपंच वाटला आणि त्यांनी जपानहून इंजिनेच मागवायला सुरुवात केली.

इंजिने मिळतही होती. जपानमध्ये नव्या खासगी गाडीची तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात आणि ती खिशाला जड जाते. १३ वर्षे ओलांडलेल्या पेट्रोल गाडीवर तर करही वाढतो. त्यामुळे तिथे धडधाकट गाड्याही मोडीत निघतात आणि त्यांची इंजिने जहाजात चढतात. इथपर्यंत सगळे खरे. पण विक्रेते याच्यावर आणखी एक मजला चढवतात: प्रत्येक इंजिन म्हणे जेमतेम साठ-पासष्ट हजार किलोमीटर चाललेले! काटा गाडीबरोबर भंगारात गेला, आता साक्ष काढणार कोणाची? सिल्व्हियाचे उत्पादन २००२मध्ये थांबले, म्हणजे तिच्यातले सर्वांत तरुण इंजिनही आज वीस वर्षे ओलांडून गेले आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने इंजिन घेणारा मिस्त्री ते चालू करायला लावतो, तेलाचे झाकण उघडून धूर बघतो, मगच भाव बोलतो. समुद्रापलीकडून फोटो पाहून इंजिन मागवणाऱ्याला ती सोय नसते.

एवढे होऊनही, असे इंजिन बसवलेली गाडी रोजच्या वापरात रुसली की बदनाम होतो तो टर्बो, आणि ते अन्यायाचे आहे. कारखान्यातून निघालेले एसआर-२० हे टिकाऊ इंजिन आहे. त्याला टायमिंगच्या पट्ट्याऐवजी साखळी आहे, पिस्टनखाली तेलाचे फवारे आहेत, टर्बोला तेलाबरोबर पाण्याचेही थंडावण आहे. त्याची एक खोड जाणकारांना ठाऊक आहे: मर्यादेपलीकडे फेरे वाढवले तर रॉकर आर्म जागेवरून निसटतात. पण ऑफिसला जाणाऱ्याला तिथवर पोचायचे कारणच काय?

गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुधा हलक्याफुलक्या गोष्टींनी. वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन तडकते. रबरी नळ्या वाळतात. या इंजिनात आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. टर्बोच्या पुढची एखादी नळी चिरली, की मोजलेली हवा वाटेतच निसटते, इंजिनाचा संगणक मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो. मग काळा धूर, अडखळणे, बंद पडणे. मालक टर्बोला शिव्या घालतो आणि दोष असतो एका क्लॅम्पचा.

तेलाचे मात्र खरोखर सांभाळावे लागते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तापलेले इंजिन एकदम बंद केले की आतले तेल करपून त्याचा कोळसा होतो आणि तेलाच्या वाटा तुंबू लागतात. म्हणून जोरात पळवून आल्यावर मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवायचे आणि तेल साध्या गाडीपेक्षा लवकर बदलायचे. पेट्रोलचीही गोष्ट आहे. हे इंजिन जपानच्या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर वाढलेले. कॅलिफोर्नियाच्या पंपावर सर्वांत वरचे पेट्रोल ९१चे. अमेरिकी मोजणी वेगळी असल्याने जपानी मापात ते ९५-९६च्या आसपास जाईल, तरी १०० होत नाही. संगणकाचे इग्निशन टायमिंग त्याप्रमाणे मागे न घेता टर्बोचा दाब वाढवणे म्हणजे पिस्टनला हातोडीने ठोकण्यासारखे आहे.

सुट्या भागांचा त्रास आणखी निराळा. अमेरिकी दुकानातला माणूस गाडीचे वर्ष आणि मॉडेल विचारतो, २४०एसएक्स ऐकतो आणि केए-२४चा पाण्याचा पंप काउंटरवर ठेवतो. काही भाग सेंट्रा एसई-आरच्या बिनटर्बो एसआर-२०शी जुळतात. कोणते, ते मालकानेच लक्षात ठेवायचे. गॅरेजवाला परक्या इंजिनाला हात लावायला कुरकुरतो. रोजच्या गाडीचे सुख असते ते याच्या नेमके उलट: ती कोणत्याही गावात कोणीही दुरुस्त करू शकावी.

कायदाही आड येतो. कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन गाडीइतके किंवा तिच्याहून नवे असावे लागते, प्रदूषण-नियंत्रणाची त्याची सगळी सामग्री जागेवर लागते आणि सरकारी रेफरीकडून ते पास करून घ्यावे लागते. टर्बोवाले एसआर-२० अमेरिकेत कधी विकलेच गेले नाही, त्यामुळे ही परीक्षा अवघडच. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे: नोंदणीपुस्तकातल्या निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. पुण्यामुंबईत बसून इंजिनबदलाचे व्हिडिओ पाहत स्वप्ने रंगवणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

ज्याच्या दारात दुसरी गाडी आहे आणि हातात पाने आहेत, त्याने एसआर-२० खुशाल बसवावे. फक्त इंजिन गाडीबाहेर असतानाच चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे आणि सगळी सीले, नळ्या, साखळीचा टेन्शनर, पाण्याचा पंप बदलून घ्यावा. एकदा आत बसले की त्याच कामाला दुप्पट मेहनत पडते. एकाच गाडीवर नोकरी असणाऱ्याने केए-२४वरच राहावे. पळण्यात ते मागे पडेल, पण सोमवारी सकाळी चालू होईल.