खंड म्हणजे खाडा नव्हे

कामगार आला नाही की मस्टरवर खाडा पडतो आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाते. हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण मुलांसाठी किंवा घरातल्या आजारपणासाठी नोकरी सोडलेल्या बाईची सगळी वर्षेच आपण खाड्यात जमा करतो, हे मला मान्य नाही.

मी जासईत राहते. नऊ वर्षांनी पुन्हा हिशेबनिसाची नोकरी शोधू लागले, तेव्हा एका कचेरीत विचारले गेले, "मधली वर्षं काही केलं नाहीत?" त्या वर्षांत मी दोन मुले वाढवली, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे औषधपाणी केले, एका पगारात घर चालवले. पुढे काम मिळाले. संगणकावरची नवी पद्धत शिकायला दोन महिने लागले. चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे आणि एका वेळी चार कामांचे भान ठेवणे मात्र मी घरूनच शिकून आले होते.

खंडात काहीच गंजत नाही, असे मी म्हणणार नाही. पण गंज काढता येतो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये काम सुटलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांसाठी योजना आणली. टाटा समूहाने २००८ मध्ये परतणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम सुरू केला. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघराची अट आली. पण ही रजा नोकरीत असलेलीला. नोकरी सुटलेलीने कोणते दार ठोठवावे?

आमच्या गावाला हिशेब मागणे ठाऊक आहे. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी, याच गावच्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. त्या बलिदानाशी कशाची बरोबरी नाही. पण सरकारी कागदावरची किंमत हीच खरी किंमत नसते, हा धडा इथलाच आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, लोकल उरणपर्यंत पोचली. कचेऱ्या जवळ आल्या. आता कचेऱ्यांनी वयाची अट सैल करावी, दोन महिने शिकू द्यावे. आणि घरातल्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे तिने अर्ज भरण्याआधीच ठरवावे. पुष्कळ अर्ज तिथेच अडतात.