पुढारी मागें काय ठेवतो?

कितीही दुष्काळ पडला तरी शहाणा कुणबी बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाहीं. पोरें अर्धपोटीं निजतील, पण मृगासाठीं राखलेलें बीं तो दळून खाणार नाहीं. आमच्या गांवोगांवच्या पुढाऱ्यांना मात्र ही साधी गोष्ट उमगलेली दिसत नाहीं. ते आपल्या हयातींतच सारी कणगी रिकामी करितात, आणि ते गेले म्हणजे लोक चौकांत त्यांचा पुतळा बसवून मोकळे होतात. पुतळा पेरून पीक येत नाहीं!

पुढाऱ्याच्या मागें त्याचें वजन टिकावें कीं नाहीं हें दैवाच्या हातीं आहे, असें पुष्कळ लोक म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. पुढारी बोलतो तें लोक ऐकतात. पण तो वागतो तें लोक शिकतात. सार्वजनिक पैशांतून स्वतःच्या घरावर माडी चढविणारा पुढारी सभेंत प्रामाणिकपणावर दोन तास बोलला, तरी गांवची तरणी पोरें त्याच्याकडून माडी बांधायलाच शिकणार. म्हणजे वळण लागतेंच. तें चांगलें लागावें कीं वाईट, एवढेंच काय तें पुढाऱ्याच्या हातीं असतें. आणि एवढें पुष्कळ झालें.

या गोष्टीचा दाखला हवा तर आपल्याच घरांतला घ्या. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. नुसती व्याख्यानें देऊन ते थांबले नाहींत. लग्नासारखें घरचें कार्य मध्यस्थावांचून आपलें आपण कसें लावावें, हें त्यांनीं लोकांना करून दाखविलें. १८९० सालीं जोतीराव गेले. पुढें कांहीं वर्षें समाजाचें काम मंदावलें खरें. पण लोकांच्या हातांत दिलेली रीत मेली नव्हती. १९१० सालीं मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' निघाला, १९११ सालीं कोल्हापुरांत समाजाची शाखा उभी राहिली. राखेखालचा विस्तव फुंकर घालतांच पेटला तो असा.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें पाहा. ते राजे होते. हुकूम सोडून स्वस्थ बसते तरी कोण विचारणार होतें? पण १९०१ सालापासून त्यांनीं शहरांत एकामागून एक वसतिगृहें उभीं करण्यास हातभार लावला. प्रत्येक समाजाला जागा दिली, उत्पन्न लावून दिलें, आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींच्या हातीं सोंपविला. १९२२ सालीं, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं, महाराज वारले. सारें त्यांच्या एकट्याच्या मर्जीवर चाललें असतें, तर त्याच वर्षीं वसतिगृहांच्या दारांना कुलपें लागलीं असतीं. तसें झालें नाहीं.

त्याच कोल्हापुरांत शिकलेले, महाराजांची सावली लाभलेले भाऊराव पाटील. यांच्या कामांत तर पुढाऱ्यानें शिकावें असें पुष्कळ आहे. १९१० च्या सुमारास दुधगांवच्या आश्रमासाठीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं घरोघरच्या मायबहिणींकडून मूठ-मूठ धान्य गोळा केलें. मुठीनें शाळा चालते काय, असें कोणी हंसेल. पण जिनें मूठ टाकली तिला ती शाळा आपली वाटते. शेटजीच्या थैलीनें चाललेली शाळा शेटजीची असते.

१९१९ सालीं काले या गांवीं रयत शिक्षण संस्था निघाली व १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. तेथल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवूं लागलीं. धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धां, मोडून त्या परक्या पोरांना जेवूं घातलें. १९३० सालीं ती माउली गेली. तिच्या नांवाचे जयघोष फारसे होत नाहींत. पण जीं पोरें त्या ताटावर वाढलीं, त्यांना जात-पात विसरण्याचें वेगळें व्याख्यान देण्याची गरज उरली नसेल.

भाऊरावांच्या दूरदृष्टीची खूण आम्हांस दुसऱ्याच एका गोष्टींत दिसते. १९३५ सालीं त्यांनीं साताऱ्यास शिक्षक तयार करण्याची शाळा काढली. एक शाळा काढली तर एका गांवचीं मुलें शिकतात. शिक्षक घडविले तर ते जातील तेथें शाळा उभी राहते. आम्ही स्वतः मास्तरकी करणारे आहोंत, म्हणून या कामाचें मोल आम्हांस अधिक कळतें. १९४० सालीं कमवा आणि शिका या रीतीचें हायस्कूल निघालें. सकाळीं कुदळ, दुपारीं पुस्तक. तेथें मूल कोणाच्या उपकाराखालीं दबलें नाहीं. आपल्या घामावर शिकलें, म्हणून ताठ मानेनें बाहेर पडलें. १९५९ सालीं भाऊराव गेले. आज त्या संस्थेच्या शेंकडों शाखा आहेत. तिची खूण वडाचें झाड ही आहे, आणि वडाचा धर्मच असा कीं त्याची पारंबी जमिनींत रुजली म्हणजे तिचाच बुंधा होतो.

आतां गाडगेबाबा. त्यांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणीं धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठीं त्यांत एक खोली ठेवली नाहीं. कोणाला शिष्य केलें नाहीं, गादी मांडली नाहीं. १९४९ सालीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवालीं केली. ज्याला हातांतलें सोडतां येतें, त्याचेंच नांव लोक सोडीत नाहींत!

कोणी म्हणेल, एवढीं मोठीं माणसें आम्ही कोठून आणावीं? बंधूंनो, हें सारें करावयाला मोठेपण लागत नाहीं. दूध सोसायटीच्या चेअरमनलाही तें करतां येईल, तालमीच्या वस्तादालाही येईल. वस्ताद पट्ठ्याला सारे डाव शिकवतो कीं एक राखून ठेवतो, यावरून त्याची परीक्षा होते. सुतार पोराच्या हातीं केव्हां वाकस देतो, यावर त्याच्या मागें नेट चालेल कीं नाहीं तें ठरतें. तेंच संस्थेचें. सही करणारा एकच, किल्ली एकाच्याच कडोसरीला, हिशेब एकाच्याच डोक्यांत, आणि तो आजारी पडला कीं दुधाचे पैसे अडकले. असल्या कारभाराला पुढारपण म्हणावें काय? आणि त्याच्या मागून ती खुर्ची मुलाला, मुलानंतर नातवाला जाते. जातीचें वतन नको म्हणणाऱ्यांनीं खुर्चीचें वतन कां सोसावें?

तेव्हां पुढाऱ्यांना आमचें सांगणें थोडकें आहे. हयातींतच दोन-चार माणसें तयार करा, आणि तीं आपल्या घराबाहेरचीं असूं द्या. त्यांना चुकूं द्या. हिशेब उघडा ठेवा. लोकांना आपल्यावांचून करतां येईल असें काम लावून द्या.

आणि वाचकहो, तुम्हींही नुसते टाळ्या वाजविणारे राहूं नका. येत्या ग्रामसभेंत उठून एवढेंच विचारा, "दादा, उद्यां तुम्ही नसलां तर हें काम कोण चालवील? त्याला आज शिकवितां कां?" ज्याला या प्रश्नाचा राग येईल त्याच्या हातीं गांवची किल्ली ठेवूं नका. जो हंसून आपल्या शेजारच्या पोराकडे बोट दाखवील, त्याच्या मागें खुशाल उभे राहा.